विश्लेषण : प्लॅस्टिक मॉडेलचा रंग शेवटच्या हातालाच का बिघडतो?

दीड-दोन महिने खपून केलेलं स्पिटफायर लढाऊ विमान टेबलावर उभं आहे. प्रमाण १/७२, म्हणजे खऱ्या विमानाच्या बहात्तराव्या हिश्शाचं. पंखांचा पसारा टोकापासून टोकापर्यंत जेमतेम साडेपंधरा सेंटिमीटर. सांधे भरून, घासून झाले आहेत. तपकिरी-हिरवं कॅमफ्लाज रंगवून झालं आहे, ब्रिटिश हवाई दलाची लाल-निळी वर्तुळं चिकटवून झाली आहेत. राहिलं आहे फक्त वॉर्निश. डब्यातला फवारा पंखावर बसतो आणि मिनिटभरात खालचा रंग दुधावरच्या सायीसारखा सुरकुततो. पुसायला जावं तर रंग, वर्तुळं, सगळंच बोटाला लागून येतं.

यात रंग वाईट नसतो आणि वॉर्निशही वाईट नसतं. चुकलेला असतो तो त्यांचा एकमेकांवर बसण्याचा क्रम. अशा प्रतिकृतींसाठी रंग घेताना ‘कोणती कंपनी?’ आणि ‘कोणती छटा?’ हे दोन प्रश्न हमखास विचारले जातात. त्याआधी विचारायला हवा तो प्रश्न तिसराच आहे : हा रंग कशात विरघळतो?

द्रावकाला एवढं महत्त्व का?

ब्रिटनच्या एअरफिक्स कंपनीने १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला स्वस्तातले जहाजांचे आणि विमानांचे संच बाजारात आणले. तेव्हापासून आजपर्यंत या छंदाचं मुख्य प्लॅस्टिक बदललेलं नाही. ते आहे पॉलिस्टायरीन. मराठी घरांना याची एक ओळख आधीपासून आहे. गणपतीच्या आराशीसाठी वापरलं जायचं ते थर्माकोल म्हणजे हवा भरून फुगवलेलं पॉलिस्टायरीनच. बंदी येण्याआधीच्या काळात ज्यांनी मखरावर सोनेरी स्प्रे मारला असेल, त्यांना मखराला पडलेली भोकंही आठवत असतील. स्प्रेमधल्या तीव्र द्रावकाने थर्माकोल विरघळवलेलं असायचं.

मॉडेलचं प्लॅस्टिक भरीव असल्यामुळे ते असं नाहीसं होत नाही, पण स्वभाव तोच. किंबहुना मॉडेल जोडली जातात ती याच स्वभावामुळे. या छंदातला ‘गोंद’ हा खरा गोंद नसतोच. तो दोन्ही तुकड्यांच्या कडा विरघळवतो, त्या एकमेकांत मिसळतात आणि द्रावक उडून गेल्यावर सांधा एकजीव होतो. रंगातला द्रावक हेच काम पृष्ठभागावर करतो. थोडं केलं तर रंग घट्ट पकड घेतो. जास्त केलं तर कोरीव तपशील बुजतात, पृष्ठभागावर बारीक जाळीसारखे तडे जातात. आणि खाली प्लॅस्टिकऐवजी आधीचा रंग असेल, तर तो द्रावक त्या रंगालाही तसंच वागवतो.

तीन कुळं कोणती?

मॉडेलच्या रंगांची नावं शेकड्याने असली तरी कुळं तीनच आहेत, आणि तिन्हींचे भाऊबंद घरात सापडतात.

पहिलं कूळ लॅकरचं. याचा घरातला नातेवाईक म्हणजे नेलपॉलिश. राळ तीव्र द्रावकात विरघळवलेली असते, द्रावक उडाला की रंग सुकला. बाकी काही रासायनिक घडामोड नाही. म्हणून लॅकर काही मिनिटांत हाताला लागेनासा होतो, थर अत्यंत पातळ आणि कडक बसतो, पॉलिशपेपरने घासताही येतो. पण नेलपॉलिश जसं रिमूव्हर लावल्यावर कधीही निघतं, तसंच लॅकर त्याच्या थिनरमध्ये पुन्हा विरघळतो. जपानच्या जीएसआय क्रिओस कंपनीचे ‘मिस्टर कलर’, तामियाची ‘एलपी’ मालिका आणि तामियाचेच ‘टीएस’ स्प्रे डबे या कुळातले.

दुसरं कूळ इनॅमलचं. हा दारं-खिडक्यांना लावतात त्या ऑइल पेंटचा धाकटा भाऊ. पातळ करायला टर्पेंटाइनसारखा सौम्य द्रावक लागतो. तो काही तासांत उडतो, पण रंग त्यानंतरही आतून हवेतला ऑक्सिजन घेत हळूहळू पक्का होत राहतो. वरून कोरडा वाटणारा इनॅमल आतून कित्येक दिवस मऊ असू शकतो. ब्रिटनमधल्या हल शहरात १९१९ साली सुरू झालेल्या हंबर ऑइल कंपनीवरून ‘हंब्रोल’ हे नाव आलं. त्यांच्या १४ मिलिलिटरच्या पत्र्याच्या डब्यांनी कित्येक पिढ्यांची मॉडेल रंगवली. संथ सुकण्याचा फायदाही आहे : ब्रशच्या रेघा आपोआप सपाट होतात.

तिसरं कूळ पाण्यात मिसळणाऱ्या अ‍ॅक्रिलिकचं. याचा घरातला भाऊ म्हणजे भिंतीचा इमल्शन किंवा प्लॅस्टिक पेंट. राळेचे सूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडालं की कण एकमेकांना चिकटून पापुद्रा तयार होतो. एकदा सुकला की तो पाण्याने निघत नाही. स्पेनच्या ‘वायेहो’चे रंग असे आहेत. वास कमी, ब्रश नळाखाली धुता येतो, घरातली माणसं तक्रार करत नाहीत. कमतरता एकच, पण मोठी : प्लॅस्टिकला ‘चावण्याची’ ताकद या रंगात नाही. तो प्लॅस्टिकवर बसतो, आत मुरत नाही.

तामियाचे अ‍ॅक्रिलिक मात्र या तिसऱ्या कुळात थोडे परके आहेत. त्यात पाण्याबरोबर अल्कोहोल असतं. एअरब्रशने ते सुंदर बसतात. ब्रशने दुसरा हात मारायला जावं तर पहिला हात उचकटून येतो. ‘अ‍ॅक्रिलिक ब्रशने चांगले लागतात’ हा सल्ला ऐकून नवखा माणूस हे घेऊन जातो आणि दोष स्वतःच्या हाताला देतो.

लेबल वाचलं की कळत नाही का?

इथेच खरी मेख आहे. ‘अ‍ॅक्रिलिक’ हे नाव राळेचं आहे, द्रावकाचं नाही. लॅकरमधली राळही अ‍ॅक्रिलिक असू शकते, आणि असते. त्यामुळे गाडीचे ओरखडे झाकण्याच्या डब्यावर ‘अ‍ॅक्रिलिक’ छापलेलं दिसलं म्हणून तो पाण्याचा रंग ठरत नाही. तो मॉडेलवर मारला तर थर्माकोलच्या मखराची आठवण होईल.

कंपनीच्या नावावरूनही काही कळत नाही. तामिया तिन्ही कुळांचे रंग विकते. त्यांच्या क्रमांकात ‘एक्स’ म्हणजे चकचकीत आणि ‘एक्सएफ’ म्हणजे मॅट, एवढंच ठरलेलं आहे. ‘एक्सएफ-१’ हा मॅट काळा अ‍ॅक्रिलिकमध्येही मिळतो आणि इनॅमलमध्येही, क्रमांक तोच. थिनरचा प्रकार तर आणखी गमतीचा : ‘एक्स-२०’ हा इनॅमलचा थिनर आणि ‘एक्स-२०ए’ हा अ‍ॅक्रिलिकचा. एका अक्षराचा फरक. चुकून पहिला थिनर अ‍ॅक्रिलिकच्या बाटलीत पडला, तर रंग नासलेल्या दुधासारखा फुटतो. क्रिओसचंही तसंच. ‘मिस्टर कलर’ लॅकर, तर त्याच कंपनीचा ‘अ‍ॅक्विअस’ हा पाण्यात मिसळणारा.

मग कोणता रंग कशावर चालतो?

नियम मराठी माणसाला लक्षात ठेवायला सोपा आहे : खाली जहाल, वर मवाळ. लॅकर सगळ्यात जहाल, म्हणून तळाशी. त्यावर अ‍ॅक्रिलिक. सगळ्यात वर इनॅमल. वरच्या थराच्या द्रावकाने खालच्या थराला धक्का लागता कामा नये, एवढाच त्याचा अर्थ. पक्क्या झालेल्या लॅकरवर पाण्याचा रंग कितीही ओला लावला तरी लॅकरला ढिम्म फरक पडत नाही. अ‍ॅक्रिलिकवर टर्पेंटाइनवाला इनॅमल लावला तरी अ‍ॅक्रिलिक जागचा हलत नाही. उलट केलं, म्हणजे पुरता पक्का न झालेल्या इनॅमलवर लॅकरचा फवारा मारला, तर तीव्र द्रावक वरचा पापुद्रा फुगवतो, खालचा मऊ थर त्याला धरून ठेवू शकत नाही आणि साय येते. सुरुवातीच्या स्पिटफायरचं हेच झालं.

अनुभवी लोक हा नियम मोडतात. पंचवीस-तीस सेंटिमीटरवरून लॅकर वॉर्निशचे धुक्यासारखे कोरडे फवारे, दोन फवाऱ्यांत पुरेसा वेळ देत मारले, तर द्रावक खाली पोहोचण्याआधीच उडतो आणि पक्क्या अ‍ॅक्रिलिकला इजा होत नाही. पण ती कसरत आहे. महिनाभराच्या मेहनतीवर ती पहिल्यांदा करून पाहू नये.

यावरून एक गोष्ट ओघाने येते. खरेदी शेवटापासून मागे करत यायला हवी. आधी ठरवायचं, शेवटचं वॉर्निश कोणतं आणि ते कोणत्या कुळातलं. मग त्याखाली काय टिकेल. मग त्याखालचा रंग. सगळ्यात शेवटी अस्तर. प्रत्यक्षात उलट होतं. पेटीच्या बाजूला छापलेले छटांचे क्रमांक पाहून रंग घेतले जातात, आणि वॉर्निश आठवतं ते मॉडेल पूर्ण होत आल्यावर, दुकानात जे असेल ते.

अस्तराचा हात टाळला तर?

घर रंगवणारा कारागीर कोऱ्या भिंतीला थेट रंग लावत नाही, तसंच इथे. कारण मात्र वेगळं. पॉलिस्टायरीनचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो, त्यावर साच्यातून आलेला तेलकटपणा आणि हाताळणाऱ्याच्या बोटांचं तेल असतं. साबणाच्या पाण्याने धुणं हा त्यावरचा बिनखर्चाचा उपाय. त्यानंतर लॅकर कुळातला प्रायमर प्लॅस्टिकला किंचित चावून बसतो आणि वरच्या पाण्याच्या रंगाला धरायला जागा देतो. प्रायमर न लावलेल्या मॉडेलवर वायेहोसारखा रंग सुंदर दिसतो. कॅमफ्लाजसाठी लावलेली मास्किंग टेप काढताना तो टेपबरोबर सालीसारखा निघतो.

राखाडी प्रायमरचं दुसरं काम चाचणीचं. पारदर्शकपणा जाऊन सगळं एका रंगाचं झालं की सांध्यातली फट आणि पॉलिशपेपरचे ओरखडे उघडे पडतात. क्रिओसच्या ‘मिस्टर सरफेसर’चे ५००, १०००, १५०० हे आकडे पॉलिशपेपरच्या आकड्यांसारखेच समजावेत : आकडा मोठा, थर बारीक. ५०० ओरखडे भरायला, १५०० आरशासारख्या पृष्ठभागासाठी. पिवळ्या-लाल रंगांखाली राखाडी चालत नाही, कारण ते रंग झाकायला कमजोर असतात. त्यांना पांढरं अस्तर हवं. आणि चकाकणाऱ्या धातूच्या विमानाला चकचकीत काळं. धातूच्या रंगातले अ‍ॅल्युमिनियमचे सूक्ष्म पापुद्रे गुळगुळीत काळ्यावर सपाट पडले की ते धातू वाटतात, खडबडीत राखाडीवर पडले की चंदेरी रंग वाटतो.

लढाऊ विमान मॅट असतं, मग मधे चकचकीत हात कशाला?

नवख्यांना सगळ्यात विचित्र वाटणारी पायरी हीच. मॅट रंगाचं मॉडेल मुद्दाम चकचकीत करायचं आणि शेवटी पुन्हा मॅट करायचं.

कारण मॅट म्हणजे काय, यात दडलेलं आहे. मॅट पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाखाली डोंगराळ असतो, त्यामुळे प्रकाश सगळीकडे विखुरतो. विमानावरची वर्तुळं आणि क्रमांक डीकलच्या रूपात येतात : पारदर्शक पातळ पापुद्रा, पाण्यात भिजवून कागदावरून सरकवायचा. हा पापुद्रा डोंगराळ पृष्ठभागावर ठेवला की दऱ्यांमध्ये हवा अडकते आणि पारदर्शक कडा चांदीसारखी चमकू लागते. जाणकार याला ‘सिल्व्हरिंग’ म्हणतात. एकदा झालं की वरून कितीही वॉर्निश लावलं तरी ती हवा आतच राहते. चकचकीत, सपाट थरावर डीकल टेकला तर खाली हवेला जागाच नसते. त्यावर डीकल मऊ करणारं द्रावण लावलं की तो रेघांच्या आतही उतरतो आणि रंगवल्यासारखा दिसतो.

चकचकीत थराचा दुसरा उपयोग वॉशसाठी. विमानाच्या पत्र्यांमधल्या रेघा उठून दिसाव्यात म्हणून त्यात अतिपातळ गडद रंग सोडतात आणि आजूबाजूचा पुसून घेतात. हा वॉश बहुधा इनॅमलचा असतो. म्हणजे पुन्हा तोच हिशोब : खाली पक्कं अ‍ॅक्रिलिक किंवा लॅकर असेल तर टर्पेंटाइनच्या बोळ्याने निर्धास्त पुसता येतं, खाली इनॅमलच असेल तर वॉशबरोबर कॅमफ्लाजही पुसलं जातं. कोऱ्या प्लॅस्टिकवर तर वॉश भरपूर सोडूच नये. ताणाखाली असलेल्या सांध्यात तो झिरपला तर प्लॅस्टिक ठिसूळ होऊन तडकतं. काही रोबो-मॉडेलमध्ये वापरलं जाणारं एबीएस प्लॅस्टिक या बाबतीत जास्तच नाजूक.

या चकचकीत हातासाठी पाश्चात्त्य छंदवाल्यांनी अनेक वर्षं चक्क फरशी चमकवायचं द्रावण वापरलं. अमेरिकेत ‘फ्यूचर’, ब्रिटनमध्ये ‘क्लीअर’ या नावाने ते किराणा दुकानात मिळायचं. ते पाण्यातलं अ‍ॅक्रिलिकच होतं, पातळ, स्वस्त आणि स्वतःच सपाट होणारं. मॉडेलच्या दुकानातल्या महागड्या बाटल्यांपेक्षा ते सरस आहे, असं मानणारे कमी नव्हते. तामियाचा ‘एक्स-२२’ सारखा रंगहीन चकचकीत अ‍ॅक्रिलिक तेच काम करतो.

शेवटचं वॉर्निश किती मॅट असावं, हा रुचीचा प्रश्न वाटतो, पण त्यालाही तर्क आहे. खऱ्या विमानाच्या तकाकीत आकाश दिसतं, मॉडेलच्या तकाकीत खोलीतली ट्यूबलाइट दिसते. म्हणून खरं विमान चकचकीत असलं तरी मॉडेल थोडं कमी चकचकीत, म्हणजे सॅटिन ठेवलं की जास्त पटतं. रणगाडा, गणवेश, टायर पूर्ण मॅट शोभतात. मोटारगाडी हा अपवाद, तिथे आरसाच हवा. आणि पांढऱ्या प्रवासी विमानावर इनॅमलचं वॉर्निश लावू नये. तेलावर आधारलेली वॉर्निशं वर्षागणिक पिवळी पडतात. कपाटात बंद असलेलं पांढरं विमान काही वर्षांनी सायीच्या रंगाचं होऊन बाहेर येतं.

मॅट वॉर्निशच्या बाटलीच्या तळाशी पांढरा गाळ दिसतो. तो काढून टाकायचा नसतो. तोच मॅटपणा देणारी पूड असते. नीट ढवळली नाही तर कधी मॅट होतच नाही, कधी गाठी राहून काळ्या-हिरव्या रंगावर पिठूर चट्टे उमटतात.

‘अचूक’ छटेचा आग्रह किती धरावा?

रंगांच्या बाटल्यांवर मानकांचे क्रमांक असतात. जर्मनीची ‘राल’ पद्धत १९२७ पासूनची, अमेरिकेचं ‘फेडरल स्टँडर्ड ५९५’ १९५६चं. अमेरिकी पद्धतीतला पाच आकड्यांचा क्रमांक वाचता येतो : पहिला आकडा तकाकीचा (१ चकचकीत, २ निमचकचकीत, ३ मॅट), दुसरा रंगगटाचा. एफ-१६ विमानाचे तीन राखाडी, ३६११८, ३६२७० आणि ३६३७५, म्हणजे तिन्ही मॅट, तिन्ही राखाडी गटातले, आणि शेवटचे आकडे वाढत जातात तसे फिकट होत जाणारे. हे कळलं की कंपनी बदलली तरी योग्य बाटली हाती लागते, एवढा याचा मोठा उपयोग आहे.

पण क्रमांक जुळला म्हणजे सत्य सापडलं, असं नाही. १९४०च्या उन्हाळ्यात स्पिटफायरच्या पोटाला ‘स्काय’ नावाचा फिकट हिरवट रंग देण्याचा आदेश निघाला, तेव्हा तयार रंग सगळीकडे पुरेसा नव्हता. त्यामुळे हाताशी होते ते रंग मिसळून केलेल्या वेगवेगळ्या छटाही उडत होत्या. जर्मन रणगाड्यांना १९४३ मध्ये गडद पिवळा मूळ रंग आला आणि वरच्या हिरव्या-तपकिरी पट्ट्यांसाठी सैनिकांना घट्ट लगदा दिला जाई. तो पाण्यात किंवा पेट्रोलमध्ये, जे असेल त्यात पातळ करून फासला जायचा. भारतीय हवाई दलाच्या चकाकत्या मिग-२१ विमानांना १९७१च्या सुमारास कॅमफ्लाज चढलं, त्यातही एकसारखेपणा नव्हता. अशा ठिकाणी ‘ही छटा चूक आहे’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्याकडे त्या विशिष्ट विमानाचा पुरावा मागावा.

आणखी एक वाद अंतराचा. १/७२चं मॉडेल ३० सेंटिमीटरवरून पाहणं म्हणजे खरं विमान साधारण २१.६ मीटरवरून पाहणं. दूरचे डोंगर निळसर-फिकट दिसतात, म्हणून मॉडेलचा रंगही थोडा फिकट करावा, असा एक जुना सल्ला आहे. सल्ला उपयोगी आहे, पण कारण लंगडं वाटतं. एकवीस मीटर हवेने रंग फारसा फिकटत नाही. अधिक पटणारं कारण प्रकाशाचं. खरं विमान उन्हात उभं असतं, मॉडेल घरातल्या दिव्याखाली, आणि त्या प्रकाशात गडद हिरवा काळाच दिसू लागतो. म्हणून मूळ रंगात थोडा पांढरा किंवा पिवळसर रंग मिसळला की मॉडेल ‘उजळतं’. टायरला शुद्ध काळ्याऐवजी गडद राखाडी वापरायचं कारणही तेच. छटा जुळवताना मात्र दिवसाच्या उजेडात, खिडकीशी जुळवावी. एलईडीखाली सारखे दिसणारे दोन हिरवे उन्हात सख्खे तर सोडाच, चुलतभाऊही वाटत नाहीत, कारण दोन रंगांतली रंगद्रव्यं वेगळी असली की प्रकाश बदलताच त्यांचं जुळणं सुटतं.

छटेपेक्षा थराची जाडी जास्त डोळ्यावर येते. रंगाचे सगळे हात मिळून ४० मायक्रॉन भरले, तर १/७२ प्रमाणात ते खऱ्या विमानावर जवळजवळ तीन मिलिमीटर जाड लेप दिल्यासारखं झालं. पत्र्यांच्या रेघा बुजतात त्या अशाने. एअरब्रशचा मोठा फायदा इथे आहे. पण नीट पातळ केलेल्या रंगाचे दोन-तीन हलके हात ब्रशनेही तेवढेच पातळ बसू शकतात. डब्यातून आला तसा घट्ट रंग एका हातात झाकायची घाई झाली की खेळ संपतो.

आपल्या हवेत आणि आपल्या घरात काय बदलतं?

परदेशी पुस्तकांतले सल्ले कोरड्या, थंड हवेचे असतात. मुंबई-कोकणात जुलैमध्ये लॅकर फवारला की तो पांढुरका पडू शकतो. द्रावक झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर हवेतली वाफ दवासारखी जमते आणि थरात अडकते. अशा वेळी संथ उडणारा, ‘लेव्हलिंग’ प्रकारचा थिनर वापरतात; पांढुरकेपणा आलाच तर त्याच थिनरचा हलका फवारा मारून थर पुन्हा ओला करतात, म्हणजे अडकलेलं पाणी निघून जातं. एसीच्या खोलीतली कोरडी हवाही मदत करते. विदर्भातल्या मे महिन्यात उलटं संकट : पाण्याचा अ‍ॅक्रिलिक एअरब्रशच्या सुईच्या टोकावरच सुकतो. तिथे सुकणं लांबवणाऱ्या रिटार्डरचे दोन-चार थेंब लागतात.

मिळण्याचाही प्रश्न आहे. लॅकर, इनॅमल आणि स्प्रे डबे ज्वलनशील असल्यामुळे विमानाच्या सामानात चालत नाहीत. परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाला यादी देताना खरोखर पाण्याच्या रंगांचीच द्यावी. अल्कोहोलवाले अ‍ॅक्रिलिकही ज्वलनशील गटात मोडतात. कॅमफ्लाजचा अर्धा रंग एका कुळातला आणि उरलेला दुसऱ्या कुळातला, ही वेळ बहुतेक अशा तुटपुंज्या पुरवठ्यामुळे येते.

आणि छोट्या फ्लॅटमध्ये सगळ्यात मोठा प्रश्न श्वासाचा. लॅकरची वाफ कापडी किंवा एन-९५ मास्क अडवत नाही. ते मास्क कणांसाठी असतात, वाफेसाठी कार्बनचं काडतूस असलेला रेस्पिरेटर लागतो. हवा बाहेर फेकणारा पंखा लागतो, आणि त्या खोलीत देवापुढची समई किंवा उदबत्ती पेटलेली असता कामा नये. पाण्याचा रंग बिनवासाचा म्हणून निर्धोक, हाही गैरसमज. एअरब्रशने उडवलेले त्याचे कण फुप्फुसात जातातच, त्यामुळे तिथे निदान कणांचा मास्क हवा. घरात लहान मूल असेल आणि गॅलरी नसेल, तर लॅकरची देखणी तकाकी विसरलेली बरी. उघड्या गच्चीवर डब्यातला प्रायमर एकदा मारून आणावा, पुढचं सगळं घरात पाण्याच्या रंगांनी, ब्रशने आणि पाण्याच्या वॉर्निशने करावं. पहिल्या मॉडेलसाठी एरवीही हाच क्रम सगळ्यात कमी धोक्याचा.

हे सगळं करूनही नवा डबा, नवी कंपनी आली की शंका उरतेच. जुने छंदवाले प्लॅस्टिकच्या चमच्यांवर रंग तपासायचे. १ जुलै २०२२ पासून देशात एकदा वापरायचे प्लॅस्टिक चमचे बंद झाले. त्याची गरजही नाही. मॉडेलचे सुटे भाग ज्या चौकटीला जोडलेले येतात, ती चौकट त्याच प्लॅस्टिकची असते आणि एरवी कचऱ्यात जाते. तिचा बोटभर तुकडा मॉडेलबरोबरच रंगवत न्यायचा : तेच अस्तर, तोच रंग, तेवढेच दिवस सुकवणं. शेवटचं वॉर्निश आधी त्या तुकड्यावर मारायचं आणि रात्रभर ठेवायचं. सकाळी त्यावर नखाने ओढून पाहायचं, टेप लावून काढायची. साय यायची असेल तर ती तुकड्यावर येईल.